कोंडवाड्यातली मेंढरे

१९३० नंतरच्या एका कोरड्या वर्षी, माघाच्या पहिल्या आठवड्यात, सोलापुरात तीन सरकारांच्या अधिकाऱ्यांची बैठक झाली. ती मंगळवारी सकाळी सुरू झाली आणि गुरुवारी जेवणानंतर संपली. बुधवारी, बैठक चालू असताना, दुधनीच्या पुढे हद्दीवरच्या एका खेड्यात कोंडवाड्यातल्या मेंढरांचा लिलाव ठरलेला होता. ही मेंढरे बैठकीच्या विषयपत्रिकेवर नवव्या क्रमांकावर होती.

मी त्या वेळी शहरातल्या एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. साप्ताहिक शनिवारी निघे. बैठकीला बसण्याची परवानगी एकट्या आमच्या पत्राला मिळाली होती, कारण बैठक ज्या गिरणीवाल्याच्या बंगल्यात होती, त्याच्या जाहिराती आमच्याकडे येत. एवढेच कारण होते. दुसरे मी शोधून पाहिले, सापडले नाही.

तीन सरकारे म्हणजे एक आमचा इंग्रजी जिल्हा, दुसरे पूर्वेकडचे मोठे राज्य, ज्याला आमच्याकडे लहानथोर सगळे मोगलाई म्हणत, आणि तिसरे मधले छोटे संस्थान. या तिघांच्या हद्दी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या होत्या की त्या बाजूचा शेतकरी सकाळी एका राज्यात बैल चरायला सोडी आणि दुपारी दुसऱ्या राज्यातून हाकून आणी. पावसाच्या वर्षी याचे कोणाला काही वाटत नसे. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. मोगलाईतली माणसे गिरण्यांत काम मिळेल म्हणून सोलापूरच्या वाटेला लागली होती आणि आमच्या सांगोला-मंगळवेढ्याकडचे मेंढके चाऱ्यासाठी मोगलाईच्या वाटेला. वाट एकच होती. दोन्ही बाजूंनी तिच्यावर नाके बसवले. माणसे नाक्यांवर तुंबली, तेव्हा बैठक ठरली. छापील पत्रिकेवर तिचे नाव ‘शेजारी मुलखांतील लोकांच्या ये-जेविषयी परस्पर विचारविनिमय’ असे होते.

सोमवारी दुपारी पत्रिका आणायला मी बंगल्यावर गेलो. फाटकाबाहेर लिंबाखाली एक म्हातारा मेंढका बसला होता. खांद्यावर घोंगडे, डोक्याला विटलेला तांबडा पटका, काठी आडवी मांडीवर. मी फाटकात शिरताना त्याने हाक मारली.

“मालक, तुमी आतलं का?”

“आतला नाही. छापखान्यातला.”

“मंजी कागद करनारं. मग चालतंय की.” तो उठला. “माजी मेंढरं धरल्यात.”

“कोणी?”

“त्येच इचारायला आलोय, कुनी धरल्यात ते.”

त्याची हकिगत मी उभ्याउभ्याच लिहून घेतली. ती वही माझ्याजवळ अजून आहे. दिवाळी झाली की तो सांगोल्याकडून निघे आणि पौषात मोगलाईत एका पाटलाच्या काळ्या रानात मेंढरे बसवी. मेंढरे शेतात मुक्कामाला बसली की जमिनीला खत मिळते. त्याबद्दल पाटील ज्वारी देतो. त्याच्या आज्यापासून हेच शेत, हेच पाटलाचे घर. या वर्षी मोगलाईच्या नाक्यावर त्याला अडवले. इंग्रजी जिल्ह्यातल्या जनावरांत रोग आहे, आत घेणार नाही, असे सांगितले. त्याने कळप मागे वळवला. ओढ्याच्या अलीकडच्या काठाला, ज्या नाक्यावरून तो सकाळी गेला होता, तिथल्या शिपायाने पास मागितला. मोगलाईत जनावरांना रोग आहे, तिकडून येणाऱ्याला पास लागतो.

“म्या म्हनलं, बाबा, म्या आत ग्येलोच न्हाय. त्यो म्हनला, ग्येला न्हाईस तर आलास कुटनं?”

यावर तो स्वतःच हसला. समोरचे दोन दात नव्हते.

दीडशेच्या आतबाहेर मेंढरे कोंडवाड्यात गेली. त्यांत पुष्कळ मेंढ्या गाभण होत्या. कोंडवाड्याची मुदत बुधवारी संपत होती. मुदतीत मालकाला जनावरे सोडवता आली नाहीत तर लिलाव. सोडवायची तर रोग नसल्याचा आणि मेंढरे त्याचीच असल्याचा दाखला हवा होता. तो कोणी द्यायचा, हे कोंडवाड्याच्या माणसाला ठाऊक नव्हते. “सोलापुरात मोठी सभा हाय, तितं सगळी सायबं एका जागी घावतील,” असे कोणी तरी सांगितले, म्हणून म्हातारा आगगाडीने आला होता. त्याची विधवा मुलगी तिकडे कोंडवाड्याच्या कुडाशी बसून होती. बाभळीच्या शेंगा गोळा करायच्या आणि कुडातून आत टाकायच्या, असे तिचे चालले होते.

“मेंढरे तुमचीच कशावरून?” मी विचारले.

त्याने माझ्याकडे पाहिले. “कानावरनं.” मग स्वतःचा कान धरून दाखवले. “डाव्या कानाला शेंड्यावर खाच, उजव्याला मदोमद चीर. ही आमच्या घराची खूण. सांगोल्यापास्नं मोगलाईपतुर कुनी बी धनगर वळखंल. दुसऱ्याच्या घरात ही खूण न्हाय.”

“सगळ्यांना आहे?”

“येकाला न्हाय. बिरोबाच्या नावानं सोडल्याला मेंढा हाय, त्येचं कान कापत न्हाईत. माथ्यावर भंडारा लावायचा निस्ता. त्येला इकायचं न्हाय, मारायचं न्हाय. म्हातारा हून आपसूक मरंल तवा पुरायचा.” मग म्हणाला, “त्येला बी पास लागंल का हो? देवाचा हाय म्हनून सांगितलं तर?”

कचेरीजवळ बसणाऱ्या एका अर्ज लिहिणाऱ्याकडून त्याने अर्ज करून आणला होता. आत जाऊ देत नव्हते, म्हणून तो मी घेतला.

बैठकीचा हेडक्लार्क शुक्रवार पेठेत आमच्याच बोळात राहणारा होता. त्याने अर्ज वाचला, नीट घडी केली.

“नवव्यात बसवतो. ‘हद्दीवर अडकलेली जनावरे’ असा विषय आहेच.”

“बुधवारी लिलाव आहे.”

“मग बुधवारपर्यंत नववा येतो का, बघू.”

“आधी घ्या की. पहिला घ्या.”

“अहो बातमीदार,” तो म्हणाला, “पहिला विषय स्वागताचा आहे.”

मंगळवारी स्वागत झाले. त्याला सकाळचा निम्मा वेळ गेला, कारण मोगलाईच्या प्रतिनिधीची खुर्ची अध्यक्षांच्या उजव्या हाताला असावी की समोर, याचा निर्णय होईना. आमच्या जिल्ह्याचा अधिकारी अध्यक्ष होता. संस्थानच्या प्रतिनिधीला कोणत्याच खुर्चीची हरकत नव्हती. तो मध्यम वयाचा, सौम्य माणूस होता आणि सारखा घाम पुसत होता. शेवटी लांब टेबल काढून गोल टेबल आणले. गोल टेबल शेजारच्या खोलीत बिलियर्डच्या काठ्यांखाली होते. ते आणेपर्यंत सगळ्यांनी बर्फ घातलेला सोडा घेतला. रिकाम्या बाटल्या खिडकीत ठेवल्या होत्या. त्यांवर माशा बसल्या होत्या आणि त्या कोणी हाकलत नव्हते.

दुपारी तिसरा विषय होता : ‘येणाऱ्या लोकांच्या आरोग्याची व्यवस्था’. व्यवस्था प्रत्यक्ष पाहावी म्हणून सगळे मोटारींतून स्टेशनाच्या बाजूला उभारलेल्या छपरीकडे गेले. मीही गेलो.

छपरीत मोगलाईकडून आलेली माणसे जमिनीवर ओळीने बसवली होती. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. डॉक्टरच्या हाताखालचा माणूस काडीने एकेकाची पापणी उलटवून पाही. काडी एकच होती. ती तो मधूनमधून स्वतःच्या कोटाला पुशी. त्याच्यामागून दुसरा माणूस झारीने फिनेलचे पाणी शिंपडत येई. ही बागेत झाडांना पाणी घालायची हिरवी पत्र्याची झारी होती. तिच्यावर गिरणीवाल्याच्या नावाची दोन अक्षरे पांढऱ्या रंगात होती; बंगल्यावरून मागवून घेतली होती. पाणी डोक्यावर, लुगड्यावर, मांडीवरच्या पोरांवर, सोडलेल्या भाकरीच्या फडक्यावर, सगळीकडे सारखे पडत होते. एका बाईने भाकरी पोटाशी धरली, तेव्हा तिला हात वर करायला सांगितले. भाकरी भिजली.

ती बाई कानडी वळणाच्या मराठीत मोठ्याने म्हणाली, “काय वो, आमी काय झाडं हाय काय?”

अध्यक्षांनी हेडक्लार्ककडे वळून विचारले, ती काय म्हणते?

“पाणी गार आहे म्हणते,” हेडक्लार्क म्हणाला.

अध्यक्षांनी उद्यापासून कोमट पाणी वापरण्याची सूचना केली. ती नोंदवली गेली. मोगलाईच्या प्रतिनिधीने नाकाला अत्तराचा रुमाल लावला होता. ती माणसे त्याच्याच मुलखातली होती. परत निघताना झारी आमच्या मागच्या मोटारीत ठेवली आणि संध्याकाळी बंगल्याच्या माळ्याने ती विसळून कुंड्यांना पाणी घातले. हे मी फाटकातून पाहिले.

मेंढका लिंबाखालीच होता. त्याला मी सांगितले, तिसरा विषय झाला.

“नव मंजी लांब हाय का जवळ?” त्याने विचारले.

मी म्हणालो, पोचतील.

बुधवारी सकाळी चौथा विषय निघाला : मजुरांची गरज. गिरणीवाल्यांच्या वतीने एका व्यवस्थापकाने निवेदन वाचले. गिरण्यांना माणसे हवी होती. त्यांची कुटुंबे नको होती, कारण कुटुंबांना जागा लागते, पाणी लागते, आणि पोरे आजारी पडली की माणूस खाडा करतो. तेव्हा नाक्यावरच धट्टेकट्टे पुरुष निवडून पास द्यावेत, बाकीच्यांना परत पाठवावे. मोगलाईच्या प्रतिनिधीने हरकत घेतली. तो चांगले इंग्रजी बोले. म्हणाला, चांगली माणसे तुम्ही घेणार, आणि ती खोकायला लागली की आमच्याकडे पाठवणार. त्या दिवसातले हे एकच खरे वाक्य होते. त्याच्या पुढचे वाक्य असे होते, की जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाबद्दल शेतीचे नुकसान होते, म्हणून शेतमालकांना विचारल्याशिवाय कोणालाही सोडू नये. म्हणजे एकाला माणूस कुटुंबाशिवाय हवा होता आणि दुसऱ्याला मालकाच्या परवानगीशिवाय नको होता. यावर दीड तास सौजन्याने बोलणे झाले. संस्थानच्या प्रतिनिधीने एकदाच तोंड उघडले. वाटेवरच्या विहिरी आटत आल्या आहेत, तेवढे पाहावे, असे तो म्हणाला. विहिरी विषयपत्रिकेवर नव्हत्या.

अकराच्या सुमाराला मी हेडक्लार्कला चिठ्ठी पाठवली : ‘लिलाव आज आहे.’ तो माझ्याकडे बघून वैतागला, पण उठला आणि अध्यक्षांच्या कानाशी लागला. अध्यक्ष वाईट माणूस नव्हता. त्याने अर्ज मागवून घेतला, मोठ्याने वाचून दाखवला आणि इतर दोघांना विचारले, हे आत्ताच करून टाकू या का?

तिथपर्यंत काम झाल्यासारखे वाटले. मग कोणी तरी विचारले, मेंढरे धरली तेव्हा ती कोणाच्या हद्दीत होती?

नकाशा आणवला. चार कोपऱ्यांवर सोड्याच्या बाटल्या ठेवून तो पसरला. हद्द ओढ्याच्या मध्यावरून जात होती. दोन नाक्यांच्या मधली जागा ओढ्याच्या पात्रात होती. संस्थानचा प्रतिनिधी म्हणाला, कोंडवाडा आमचा आहे खरा, पण पासाचा हुकूम जिल्ह्याच्या सांगण्यावरून काढलेला आहे. तो आम्ही एकट्याने कसा मोडायचा? मोगलाईचा प्रतिनिधी म्हणाला, आम्ही तर त्याला आत घेतलेच नाही, तेव्हा आमचा संबंध नाही. फक्त आमच्याकडे रोग आहे असे जे या हुकुमात म्हटले आहे, ते आम्हाला मान्य नाही.

अध्यक्षांनी नकाशावर बोट ठेवले. “म्हणजे माणूस आमचा, मेंढरे यांच्याकडे, आणि रोग तुमचा.”

तिघेही हसले. व्यवस्थापकही हसला. हेडक्लार्क सगळ्यांच्या नंतर हसला.

“नवव्यातच घेऊ,” अध्यक्ष म्हणाले. “तिथे तत्त्वाचा प्रश्न येईल, मग हाही त्यात सुटेल.”

संस्थानच्या प्रतिनिधीने जाता जाता मला धीर दिला. “अहो, या दिवसांत मेंढरं घेतो कोण? चारा नाही. बोली लागली नाही की लिलाव पुढं जातो. नेहमीचं आहे.”

मी बाहेर आलो. म्हातारा उभा राहिला.

“काय म्हनलं?”

“उद्या.”

“उद्या? आवो, आज दुपारला बोली हाय की!”

मी त्याला संस्थानच्या प्रतिनिधीचे म्हणणे सांगितले. त्याने ते ऐकले, घोंगड्याची दशी ओढत राहिला.

“घेनारं असत्यात, मालक. दुस्काळात लई सोवस्त मिळतं, त्येच घेनारं असत्यात.” मग म्हणाला, “तार करता येती म्हनं. थांबा म्हनून.”

मी म्हणालो, तारेवर अधिकाऱ्याचे नाव लागते. ते खरे होते. माझ्या नावाने तार गेली असती तर कोंडवाड्याच्या माणसाने ती मानली असती की नाही, हे सांगता येत नाही. तारघर चालत दहा मिनिटांवर होते. मी तार केली नाही. जेवणाची घंटा झाली आणि मी आत गेलो.

गुरुवारी सकाळी साडेअकराला नववा विषय निघाला आणि पाव तासात संपला. आदल्या दिवशी न सुटलेले सगळे सुटले, कारण परतीच्या गाडीची वेळ ठरलेली होती. ठराव असा झाला : हद्दीवर अडकलेल्या जनावरांना कोणत्याही बाजूने परके समजू नये. मालकी कानावरील खुणेवरून पटवावी, दुसरा पुरावा मागू नये. प्रस्तुत मेंढरे ताबडतोब मोकळी करावीत. कानखुणेची कल्पना तिघांनाही आवडली. मोगलाईचा प्रतिनिधी म्हणाला, ही अडाणी लोकांची पद्धत आपल्या पासांपेक्षा पक्की आहे. अध्यक्षांनी ठरावात ‘दयाबुद्धीने’ हा शब्द घालायला सांगितला. तारेचा मजकूर तिथेच लिहिला गेला. तिघांच्या सह्या व्हायच्या होत्या, त्या जेवणानंतर घ्यायच्या ठरल्या.

मी फाटकाशी जाऊन सांगितले, हुकूम झाला. म्हाताऱ्याने फाटकाच्या दगडाला हात लावून तो हात कपाळाला लावला.

“कानावरनं?”

“कानावरून.”

“म्या म्हनलंच हुतं की!” तो म्हणाला. “मालक, त्यो कागद माज्या हातात द्या. तार काय, कुटं बी पडंल. म्या दुपारच्या गाडीनं जातो घिऊन.”

जेवण झाले की नक्कल देतो, असे मी त्याला म्हणालो.

समारोपाचे जेवण मागच्या व्हरांड्यात होते. संस्थानच्या प्रतिनिधीचे पान पडद्याआड वेगळे मांडले होते. त्याच्यासाठी सोवळ्याचा स्वयंपाकी होता. माझेही पान तिकडेच मांडलेले होते, पण मी टेबलावर बसलो. आमचे घर शिक्षकाचे, सोवळ्याचे. मी बाहेर मटण खातो हे घरी माहीत नाही, असे घरातले सगळे वागत. त्या दिवशी मटणाचे तीन प्रकार होते. रस्सा, भाजलेले तुकडे, आणि भातात शिजवलेले. अध्यक्षांनी एक तुकडा बराच वेळ चावला आणि काढून ताटाच्या कडेला ठेवला. व्यवस्थापकाने माफी मागितली. मोगलाईचा प्रतिनिधी हसून म्हणाला, आमच्याकडे याल तेव्हा मटण काय असते ते दाखवू. मलाही एक तुकडा तसाच लागला. मी तो गिळला. रस्सा चांगला होता. मी दोनदा वाढून घेतला.

हात धुवायला मी मुदपाकखान्याच्या मागे गेलो. पुढच्या तस्तापाशी गर्दी होती. मागे खानसामा पायरीवर बसून विडी ओढत होता. शहरातला जुना माणूस, मोठमोठ्या घरी पंगती करणारा.

“कैसा था साब, सालन?”

मी चांगले होते म्हणालो.

“एक बुड्ढा निकला जी बीच में. पपई डाला, फिर बी नै गलता. ठेकेदार कू बोला मैं, ये नक्को देव. बोला, सब एकीच ढेर में लिया, चुनने कू नै मिलता.”

“कुठून आणले?”

“दुधनी के उधर. कल नीलाम था ना.” त्याने विडीने भिंतीकडे दाखवले. “बाकी सब बाजार में गया. हमारे कू आठ दिया.”

भिंतीशी तरटावर मुंडकी रचून ठेवली होती, दुसऱ्या दिवशीच्या मुंडीच्या रश्श्यासाठी. माशांमुळे ती काळी दिसत होती. खानसाम्याने पाय आपटला, तेव्हा माशा उठल्या. डोळे उघडे होते, जिभा बाजूला आलेल्या. डाव्या कानांच्या शेंड्यावर खाच होती. उजव्या कानांत मधोमध चीर होती. मी प्रत्येक पाहिले. सात मुंडक्यांचे कान असे होते. आठवे मोठे होते, दात झिजलेले. त्याचे दोन्ही कान अखंड होते आणि कपाळावरची लोकर रक्त लागूनही पिवळी दिसत होती.

मी कुंड्यांपर्यंत गेलो. जेवलेले सगळे कुंडीत पडले. हिरवी झारी शेजारीच होती. तिच्यातले पाणी मी तोंडावर घेतले. त्याला फिनेलचा वास येत होता.

मी वळलो तेव्हा म्हातारा आत आलेला होता. नक्कल मिळत नाही म्हणून तो मला शोधत मागच्या दाराने आला, असे नंतर पहारेकऱ्याने सांगितले. तो तरटापुढे उकिडवा बसला. त्याने एकेक कान दोन बोटांत धरून पाहिला, जसे कळप मोजताना पाहतात. सात झाल्यावर आठव्याच्या कपाळावर अंगठा ठेवला.

“ह्येचं मटन कुनी खाल्लं?” त्याने खानसाम्याला विचारले.

“साब लोगां खाये,” खानसामा म्हणाला आणि माझ्याकडे पाहिले.

म्हाताऱ्यानेही पाहिले. “तुमी बी?”

मी हो म्हणालो.

“द्येवाचं हुतं त्ये,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. “सांगितलं हुतं की म्या तुमाला.”

त्याने घोंगडे पसरले, मेंढ्याचे मुंडके त्यात गुंडाळले आणि काखेत घेतले. खानसामा उठून म्हणाला, “ए बाबा, वो गिनती का है, ठेकेदार पूछेगा.” मी त्याला थांबवले. पहारेकऱ्याने फाटकात घोंगडे उघडायला लावले, आत काय आहे ते पाहिले आणि जाऊ दिले. व्हरांड्यात आभाराची भाषणे सुरू झाली होती. संस्थानच्या प्रतिनिधीचा आवाज ऐकू येत होता. तीन मुलखांमधला स्नेह, असे काही तरी तो म्हणत होता.

तार सह्या होऊन संध्याकाळी पाचला गेली. शुक्रवारी तिचे उत्तर आले : ‘जनावरे शिल्लक नाहीत.’ ते मी हेडक्लार्कच्या टेबलावर वाचले. त्याने ते नवव्या विषयाच्या कागदांना टाचणीने जोडले.

त्या आठवड्याच्या अंकासाठी मी सविस्तर बातमी दिली होती. मुंडक्यांचा मजकूर संपादकांनी काढला. मी कारण विचारले. “जेवताना वाचतात लोक,” ते म्हणाले. शनिवारी छापले ते असे होते : ‘स्नेहभोजनाने परिषदेची सांगता झाली.’ माझी बातमी होती, वाक्य त्यांचे होते. मी ते मागे घ्यायला सांगितले नाही. पुढच्या महिन्यात बैठकीचा छापील वृत्तान्त आला. नवव्या विषयापुढे शेरा होता : ‘निकाली.’ वृत्तान्ताची एक प्रत हेडक्लार्कने मला दिली, वर स्वतःच्या हाताने ‘सप्रेम’ लिहून.

बुधवारी कोंडवाड्यावर काय झाले, हे मला काही महिन्यांनी दुधनीच्या एका आडत्याकडून कळले. बोली लागली तेव्हा मेंढक्याची मुलगी आत शिरली आणि एकेका मेंढीचा कान धरून घेणाऱ्यांना खूण दाखवत सुटली. घेणाऱ्यांत दोन धनगर होते. त्यांनी खूण ओळखली आणि बोली न लावता ते निघून गेले. मटणाचा ठेकेदार धनगर नव्हता. कोंडवाड्याचा माणूस तिला म्हणाला, “बाई, कान समद्या मेंढरास्नी असत्यात.” तो हुकमाचा ताबेदार होता, असे आडत्या म्हणाला. आडत्याला त्याच्याविषयी वाईट वाटत होते.

त्या बैठकीत ठरलेले पास वर्षभरात छापून आले. एका कागदावर तीन लिप्या होत्या आणि खाली तीन सह्यांच्या जागा. मोगलाईकडून येणाऱ्या प्रत्येकाला, तो मूळचा कुठलाही असो, तो पास छपरीत भरून घ्यावा लागे. झारी आता नव्हती. पंप आला होता. पास कसे दिले जातात ते पाहायला संपादकांनी मला पाठवले, तेव्हा मी कारकुनाच्या मागे उभा होतो.

ओळीत तो म्हातारा होता. मुलगी त्याच्यामागे होती. मेंढरे गेल्यावर दोघांनी त्याच पाटलाच्या रानात मजुरीने काढणी केली होती आणि आता गिरणीत काम मिळते का पाहायला ती दोघे सोलापूरला येत होती. म्हाताऱ्याच्या खांद्यावर घोंगडे नव्हते. त्याने मला ओळखले असावे. त्याने नजर कारकुनाकडे वळवली.

कारकुनाने गाव विचारले. म्हाताऱ्याने सांगितले. मग धंदा विचारला.

“मेंढरं.”

कारकुनाने मान वर केली. “कुठे आहेत?”

मागून मुलगी म्हणाली, “मजुरी ल्हिवा.”

कारकुनाने ‘मजुरी’ लिहिले. त्याच्या खालचा रकाना ‘सोबतची जनावरे व त्यांच्या कानाची खूण’ असा होता. त्यात त्याने ‘नाहीत’ लिहिले, पास फाडला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.